नावे ठेवणारा शेजारी आणि नावे विसरलेले घर

चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयाने मे 2025 मध्ये अरुणाचल प्रदेशातील 27 ठिकाणांची नवी चिनी नावे जाहीर केली. हा उद्योग तो देश 2017 पासून करीत आला आहे. त्या वर्षी सहा नावे, 2021 मध्ये 15, 2023 मध्ये 11, 2024 मध्ये 30 आणि त्यानंतर ही 27. डोंगर, नद्या, खिंडी, सरोवरे, वस्त्या. काहीच सुटलेले नाही. संपूर्ण प्रदेशाला बीजिंग ‘झांगनान’ म्हणते, म्हणजे दक्षिण तिबेट. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने प्रत्येक वेळी हा दावा ठामपणे फेटाळला, आणि ते योग्यच झाले.

परंतु या निमित्ताने एक अवघड प्रश्न विचारावयास हवा. ज्या ठिकाणांना चीन नवी नावे देत आहे, त्यांची खरी नावे भारतातील किती सुशिक्षितांना ठाऊक आहेत? निशी, आदी, गालो, आपातानी, तागिन, मोनपा, इदू मिश्मी, वांचो, नोक्ते, तांगसा अशा 26 प्रमुख जनजाती आणि त्यांच्या शंभराहून अधिक उपशाखा या राज्यात नांदतात. पुण्या-मुंबईच्या एखाद्या सुविद्य कुटुंबात यांतील तीन नावे सांगणारा एक जण भेटला, तरी पुष्कळ झाले. शाळेच्या पुस्तकात अरुणाचल येतो तो उगवत्या सूर्याचे राज्य म्हणून आणि वृत्तपत्रात येतो तो चिनी घुसखोरीच्या बातमीतून. एरवी तो कोणाच्या गावीही नसतो. शेजारी नावे ठेवतो आणि घरच्यांना मूळ नावे ठाऊक नाहीत, अशी ही अवस्था आहे.

अरुणाचलवरील भारताचा हक्क 1914 च्या सिमला परिषदेतील नकाशावर जेवढा उभा आहे, त्याहून अधिक तो त्या दऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या माणसांवर उभा आहे. ती माणसे तेथून उठून गेली, तर रेषा राखावयास केवळ सैन्य उरेल. आणि या माणसांना दिल्लीने पाऊण शतकात काय दिले, याचा हिशेब मांडला तर मान खाली घालावी लागते.

पाच नद्या आणि न जोडलेल्या दऱ्या

अरुणाचलचे क्षेत्रफळ 83,743 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडे अधिक. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र 13 लाख 84 हजार. पुणे महापालिकेच्या तेव्हाच्या लोकसंख्येच्या निम्मीही नाही. एका चौरस किलोमीटरमध्ये 17 माणसे. जवळजवळ 80 टक्के भूमी वनाच्छादित. उत्तरेला तिबेट, पश्चिमेला भूतान, पूर्वेला म्यानमार.

आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती या भूमीची ठेवण. कामेंग, सुबनसिरी, सियांग, दिबांग आणि लोहित या पाच मोठ्या नद्या हिमालय कापून दक्षिणेकडे उतरतात आणि दोन नद्यांच्या मध्ये डोंगरांच्या उंच भिंती उभ्या राहतात. त्यामुळे प्रत्येक खोरे हे एक स्वतंत्र जगच. शेजारच्या खोऱ्यात जावयाचे तर आधी नदीकाठाने आसामच्या मैदानात उतरावयाचे, मैदानातून पूर्वेकडे वा पश्चिमेकडे जावयाचे आणि पुन्हा वर चढावयाचे. पश्चिमेकडील बोमडिलाच्या माणसाला पूर्वेकडील तेजूला पोहोचण्यासाठी वर्षानुवर्षे हाच द्राविडी प्राणायाम करावा लागला. स्वतःच्याच राज्यात फिरण्यासाठी दुसऱ्या राज्यातून जावे लागते, ही गोष्ट सह्याद्रीच्या घाटवाटा पाहिलेल्या मराठी माणसालाही चमत्कारिक वाटेल.

सीमेला समांतर, खोऱ्याखोऱ्यांना जोडत जाणारा सुमारे 1,700 किलोमीटरचा ‘सीमांत महामार्ग’ हाती घेण्यास 21 वे शतक उजाडून दोन दशके उलटावी लागली. इतका विलंब का झाला, याचे उत्तर भूगोलात सापडत नाही. ते धोरणात आहे.

रस्ता न बांधण्याचे शहाणपण

6 सप्टेंबर 2013 रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी लोकसभेत एक कबुली दिली होती. सीमेचा विकास न करणे हेच सर्वोत्तम संरक्षण, अविकसित सीमा ही विकसित सीमेपेक्षा अधिक सुरक्षित, असे स्वतंत्र भारताचे अनेक वर्षे धोरण होते, अशा आशयाचे ते विधान होते. अँटनी यांचा प्रामाणिकपणा मान्य केलाच पाहिजे. पण या विधानाचा अर्थ काय होतो? रस्ता बांधला तर त्यावरून शत्रू येईल, म्हणून रस्ताच बांधू नका. त्या रस्त्याअभावी एखादी बाळंतीण वाटेत दगावेल, संत्री झाडाखाली सडतील, मुलगा चौथीनंतर शाळा सोडेल, हे या धोरणकर्त्यांच्या हिशेबात कोठेच नव्हते. घरात चोर शिरेल म्हणून जिनाच न बांधणाऱ्या घरमालकाला लोक शहाणा म्हणत नाहीत. शिवाय चोर यावयाचा तो आलाच. 1962 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नामका छू, तवांग, से ला, बोमडिला, वालोंग येथे जे घडले, ते रस्ते होते म्हणून घडले नाही. उलट रस्ते नव्हते म्हणून भारतीय जवानांपर्यंत दारूगोळा आणि उबदार कपडे पोहोचले नाहीत.

यापूर्वीच्या दशकाचा इतिहास वेगळी शक्यता दाखवून गेला होता. फेब्रुवारी 1951 मध्ये मेजर रालेंगनाओ खातिंग हे मणिपूरचे तांखुल नागा अधिकारी आसाम रायफल्सच्या तुकडीसह तवांगला पोहोचले आणि तेथे भारताचे प्रशासन सुरू झाले. तोपर्यंत मोनपांकडून तिबेटी अधिकारी कर आणि वेठ वसूल करीत. खातिंग यांनी ही वसुली थांबवली. तवांगच्या सामान्य शेतकऱ्याला भारत प्रथम दिसला तो सारा न मागणारे सरकार म्हणून. बंदुकीपेक्षा या एका कृतीने तेथे भारताची मुळे खोलवर गेली. ईशान्येच्या एका जनजातीच्या सुपुत्राने दुसऱ्या जनजातीला दिलासा देत भारताचा ध्वज सीमेवर नेला, हा प्रसंग शालेय पाठ्यपुस्तकांत का नसावा?

1954 मध्ये ‘नेफा’ची रचना झाली आणि व्हेरियर एल्विन प्रशासनाचे जनजातीविषयक सल्लागार झाले. हे तेच एल्विन, जे 1927 मध्ये इंग्लंडहून ख्रिस्ती सेवा संघासाठी पुण्यास आले, पुढे चर्चपासून दूर झाले आणि भारताचे नागरिक बनले. त्यांच्यावर त्या काळी संसदेतही टीका झाली. जनजातींना संग्रहालयातील वस्तूंप्रमाणे जपून ठेवण्याचा हा डाव आहे, असा आरोप झाला. एल्विन यांनी तो नाकारला होता. न्यायाने बोलावयाचे तर त्यांच्या धोरणाची एक बाजू मोलाची होती. 1873 च्या कायद्याने आलेली ‘इनर लाइन’ कायम ठेवल्यामुळे आणि जमिनीवरील कुळांचा परंपरागत हक्क मानल्यामुळे अरुणाचलमध्ये सावकार आणि ठेकेदार यांना जमिनी गिळता आल्या नाहीत. मध्य भारतातील जनजातींच्या वाट्याला जी ससेहोलपट आली, ती येथे टळली. चूक झाली ती पुढे. संरक्षण देताना संधीही द्यावयाची असते, याचा विसर पडला. बाहेरच्याला आत येण्यास बंदी, हे ठीक. पण आतल्याला बाहेर पडण्यासाठी वाटच नाही, हे कोणते संरक्षण?

1962 नंतर सैन्यासाठी पश्चिम कामेंगमध्ये ज्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांची सुमारे 38 कोटींची भरपाई शेतकऱ्यांच्या हाती पडली ती 2018 मध्ये. छप्पन्न वर्षे! ज्यांनी जमीन दिली, त्यांतील कित्येकांच्या नातवंडांनी ते धनादेश स्वीकारले. या छप्पन्न वर्षांत त्या गावांनी भारताविरुद्ध एक दगडही उचलला नाही. राष्ट्रभक्तीवर व्याख्याने देणाऱ्यांनी या संयमाची तुलना आपल्या शहरातील भूसंपादनाच्या एखाद्या प्रकरणाशी करून पाहावी.

मिठाची वाट बंद झाल्यानंतर

डोंगरी माणूस म्हणजे दरिद्री, मागास आणि सरकारी अनुदानाची वाट पाहणारा, ही समजूत शहरात पक्की आहे. ती खरी नाही. झिरोच्या पठारावरील आपातानींची शेती पाहिलेला कोणताही कृषितज्ज्ञ असे म्हणणार नाही. सुमारे पाच हजार फूट उंचीवरील या लहानशा खोऱ्यात नांगर नाही, बैल नाही. तरीही भाताची खाचरे एकसारखी सपाट केलेली, पाटाचे पाणी बांबूच्या नळ्यांनी एका खाचरातून दुसऱ्यात सोडलेले, बांधांवर नाचणी, आणि खाचरात भाताबरोबर वाढणारे मासे. पाणी कमी झाले की मासे खाचरातच खोदलेल्या चरांत जमा होतात. गावाभोवती बांबूची आणि पाइनची राखीव बने. घर बांधावयाचे तर लाकूड तेथूनच, जंगलावर धाड नाही. एकाच भूमीतून धान्य, मासे आणि इंधन घेऊनही तिचा कस टिकवणारी ही व्यवस्था कोणा विद्यापीठाने शिकवलेली नाही.

इतर जनजाती बहुतांशी झूम, म्हणजे फिरती शेती करीत आल्या. त्यांची संपत्ती मिथुन या जनावराच्या रूपात. मिथुन दावणीला बांधला जात नाही. तो रानात मोकळा फिरतो, मालकाची ओळख त्याच्या कानाच्या खुणेवरून पटते आणि मालक मीठ चारून त्याला माणसाळलेला ठेवतो. हे मीठ तरी येत कोठून होते? आपातानी लोक वनस्पतींच्या राखेपासून ‘ताप्यो’ नावाचे क्षार बनवीत, पण उत्तरेकडच्या खोऱ्यांत मीठ येई ते तिबेटमधून. मीठ आणि लोकर इकडे येई. तांदूळ, मिरची, कातडी आणि रंगाच्या वनस्पती तिकडे जात. आसामच्या उदालगुडीच्या जत्रेपर्यंत मोनपा आणि तिबेटी व्यापारी उतरत. सुबनसिरीच्या उगमाकडील त्सारी पर्वताची बारा वर्षांनी होणारी परिक्रमा तागिनांच्या मुलखातून जाई आणि यात्रेकरूंना वाट देण्याबद्दल ल्हासा तागिनांना नजराणे देई. ज्यांच्या वाटेसाठी तिबेटच्या सरकारला नजराणे द्यावे लागत, ते त्याचे प्रजाजन कसे, हा प्रश्न बीजिंगच्या पंडितांना विचारण्यासारखा आहे. अशी शेवटची मोठी परिक्रमा 1956 मध्ये झाली. तिबेट चीनने गिळला, सीमा बंद झाली आणि हजारो वर्षांच्या व्यापारी वाटेचे शेवटचे टोक असलेली गावे एका दशकात रस्त्याविना अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडली. उत्तरेची बाजारपेठ गेली, दक्षिणेची मिळाली नाही. तागिनांच्या ताकसिंगपर्यंत मोटार रस्ता पोहोचावयास 2018 साल उजाडले.

पुढे लाकूड हा राज्याचा मोठा आधार झाला. पायथ्याशी प्लायवूडच्या गिरण्या उभ्या राहिल्या. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येतील वृक्षतोडीवर निर्बंध घातले. जंगलासाठी तो निर्णय आवश्यकच होता, कारण तोड बेफाम चालली होती आणि तिचा मलिदा थोड्यांच्याच घरी जात होता. पण त्या निर्णयानंतर पर्यायी रोजगार उभा करणे हे सरकारचे काम होते. ते झाले नाही. राज्याचा कारभार आजही प्रामुख्याने केंद्राकडून येणाऱ्या निधीवर चालतो आणि सुशिक्षित तरुणापुढे सरकारी नोकरी किंवा सरकारी ठेका हेच दोन मार्ग दिसतात.

याचा अर्थ भूमी नापीक आहे असे नव्हे. वाक्रोची संत्री, झिरोचा किवी, दिबांग आणि सियांग खोऱ्यांतील मोठी वेलची ही पिके उत्तम येतात. देशात किवीच्या उत्पादनात अरुणाचल अग्रेसर आहे. परंतु फळ नाशवंत आणि बाजार दोन दिवसांवर असला, तर उत्तम पीकही ओझे ठरते. लोहित-अंजाव भागात अफूची लागवड अजून का टिकून आहे, याचे उत्तर नीतिशास्त्रात शोधण्यापेक्षा वजनकाट्यावर शोधावे. अफू हलकी असते, सडत नाही, आणि पाठीवरून नेता येते. संत्र्याची टोपली तशी नेता येत नाही. पोलीस पाठवून शेते उपटणे सोपे आहे. पण सरकारने ट्रक पाठवला असता तर पोलीस पाठवावे लागले नसते.

वंशावळीतील पुरावा

आदी, गालो, निशी, आपातानी आणि तागिन या जनजाती स्वतःला ‘आबोतानी’ या एकाच पूर्वजाची लेकरे मानतात. त्यांच्यात नामकरणाची एक विलक्षण रीत आहे. पित्याच्या नावाचे शेवटचे अक्षर ते पुत्राच्या नावाचे पहिले अक्षर. पुत्राचे शेवटचे ते नातवाचे पहिले. नावांची ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या गुंफलेली आणि मुखोद्गत. ज्या समाजाकडे लिपी नव्हती, त्याने प्रत्येक माणसाच्या नावातच त्याचा इतिहास बांधून ठेवला. आदींची ‘आबांग’ ही कथनगीते सृष्टीच्या उत्पत्तीपासून गावाच्या वसाहतीपर्यंतची हकिकत सांगतात. त्यांत नद्या येतात, शिखरे येतात, पूर्वजांनी वस्ती केलेल्या जागा येतात. बीजिंगच्या कार्यालयात बसून घडवलेल्या 27 नावांना याहून मोठे उत्तर कोणते? पण हे उत्तर लिहून, छापून, नकाशावर चढवून जगापुढे ठेवण्याचे काम कोणी करावयाचे? भारताच्या अधिकृत नकाशांवर त्या त्या जनजातीच्या भाषेतील प्रत्येक ओढ्याचे आणि प्रत्येक टेकडीचे नाव असावे, यासाठी कोणती परकीय शक्ती आडवी येते?

हे काम घाईचे आहे, कारण आबांग गाणारे ‘मिरी’ वृद्ध झाले आहेत आणि त्यांची जागा घेणारे थोडे आहेत. तालोम रुक्बो यांनी हे संकट फार पूर्वी ओळखले होते. सूर्य आणि चंद्र यांच्या रूपात सत्याची उपासना करणाऱ्या ‘दोन्यी-पोलो’ परंपरेला त्यांनी 1980 च्या दशकात संघटित रूप दिले, प्रार्थना रचल्या आणि ‘गांगिंग’ ही प्रार्थनागृहे उभी करण्यास प्रेरणा दिली. आपली श्रद्धा ही शरमेची गोष्ट नाही, हे शिकलेल्या आदी तरुणाला त्यांनी सांगितले. 31 डिसेंबर हा दिवस अरुणाचलमध्ये दोन्यी-पोलो दिन म्हणून पाळला जातो. बाहेरच्या जगात त्या रात्री काय चालते, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

या राज्याच्या संस्कृतीचा एकच साचा नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. तवांगला 17 व्या शतकातील बौद्ध मठ आहे आणि सहाव्या दलाई लामांचे जन्मस्थान उर्गेलिंग तेथून जवळच. लोहितच्या काठी परशुराम कुंडावर मकर संक्रांतीला देशभरातून यात्रेकरू येतात. 15 ऑगस्ट 1950 च्या महाभूकंपात मूळ कुंड नष्ट झाले, तरी यात्रा थांबली नाही. इदू मिश्मी वाघाला भाऊ मानतात आणि त्याची शिकार निषिद्ध समजतात. व्याघ्रप्रकल्पाच्या फलकांची त्यांना गरज पडली नव्हती. आदींची ‘केबांग’ ही ग्रामसभा न्यायनिवाडा करते, आणि लाल कोटातला गावबुढा आजही गावाचा शब्द मानला जातो. आणि इतक्या भिन्न भाषा बोलणारी ही माणसे एकमेकांशी बोलतात ती हिंदीत. कोणत्याही सक्तीविना, सैन्य, शाळा आणि बाजार यांच्या सहवासातून ती रुजली. 1977 मध्ये विवेकानंद केंद्राने येथे सात शाळांनी प्रारंभ केला. केंद्राचे संस्थापक एकनाथजी रानडे विदर्भातले, हे येथील वाचकांना वेगळे सांगावयास नको. पहिले शिक्षक कन्याकुमारीत प्रशिक्षण घेऊन आले होते. अनेकांना भाषा येत नव्हती, हवामान सोसत नव्हते, तरीही ते राहिले. असे राहणे हीच त्या भूमीत मान्यता मिळवण्याची एकमेव रीत आहे.

सियांगचे पाणी

आता सर्वांत कठीण प्रश्न. कैलास-मानसच्या परिसरात उगम पावणारी त्सांग्पो नामचा बरवा शिखराला वळसा घालून भारतात उतरते, तेव्हा तिचे नाव सियांग होते. त्सांग्पो आणि सियांग ही एकच नदी हे सिद्ध करण्यासाठी सर्वेक्षण खात्याने 1880 मध्ये सिक्कीमच्या किंथुप नावाच्या निरक्षर माणसाला तिबेटात धाडले. सोबतच्या लामाने त्याला गुलाम म्हणून विकले. तो निसटला, आणि तरीही काम पुरे करावयाचे म्हणून खुणा केलेले 500 ओंडके त्याने नदीत सोडले. पण त्याने आधी पाठवलेला निरोप पोहोचलाच नव्हता; खाली काठावर ते पाहावयास कोणीही उभे नव्हते. चार वर्षांनी परतल्यावर त्याच्या हकिकतीवर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. डोंगरातला माणूस जीव धोक्यात घालून सत्य सांगतो आणि कार्यालयातला माणूस ऐकत नाही, ही परंपरा अशी जुनी आहे.

चीनने याच वळणावर, मेदोग येथे, सुमारे 60 हजार मेगावॅटचा प्रकल्प जुलै 2025 मध्ये सुरू केला. ‘थ्री गॉर्जेस’च्या जवळजवळ तिप्पट. हे पाणी रोखले वा एकदम सोडले तर काय होईल, हे सियांगकाठच्या आदींना सांगावे लागत नाही. जून 2000 मध्ये तिबेटातील यिगोंग येथे दरड कोसळून तयार झालेला बांध फुटला आणि पासीघाटपर्यंतची गावे पुरात सापडली; वरून धोक्याची सूचना आलीच नाही. 2017 च्या हिवाळ्यात नदीचे स्वच्छ पाणी काळपट गढूळ होऊन गेले. म्हणून सियांगवर भारताने 11 हजार मेगावॅटहून मोठे धरण बांधून पाणी साठवण्याची सोय करावी, असा केंद्राचा विचार आहे. संरक्षणाच्या दृष्टीने या युक्तिवादात तथ्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण धरण बांधावयाचे आहे ते आदींच्या भातखाचरांवर आणि संत्र्यांच्या बागांवर. ते विरोध करतात. डिसेंबर 2024 मध्ये सर्वेक्षणाच्या संरक्षणासाठी निमलष्करी दले पाठवण्याचा आदेश निघाला आणि मे 2025 मध्ये दले पोहोचताच बेगिंग परिसरात ग्रामस्थ निषेधासाठी उतरले. काही गावांनी प्राथमिक अभ्यासास संमती दिली, हेही खरे. मात्र विरोध करणाऱ्यांना चीनचे हस्तक किंवा विकासविरोधी ठरवण्याची जी घाई काही दूरचित्रवाणी वाहिन्यांना होते, तिला निर्लज्जपणा याखेरीज शब्द नाही. दिल्लीतील वातानुकूलित कक्षात बसून सीमेवरच्या आदी शेतकऱ्याला देशभक्तीचे प्रमाणपत्र मागणारे हे कोण? जानेवारी 2022 मध्ये शिकारीस गेलेल्या अप्पर सियांगमधील 17 वर्षांच्या मुलाला चिनी सैनिकांनी पकडून नेले होते. आठवडाभराने तो परतला. सप्टेंबर 2020 मध्ये अप्पर सुबनसिरीच्या पाच तरुणांच्या बाबतीत तेच झाले. सीमा म्हणजे काय, हे या गावांनी अंगावर सोसले आहे.

ऑक्टोबर 1953 मध्ये आचिंगमोरी येथे तागिनांनी आसाम रायफल्सच्या तुकडीवर हल्ला केला आणि मेजर रिपुदमन सिंग यांच्यासह अनेक जण मारले गेले. तरीही सरकारने गावे बेचिराख केली नाहीत. तुकड्या पायी गेल्या, दोषी शोधले, त्यांच्यावर खटला चालवला. तो प्रदेश त्यानंतर शांत राहिला. रक्तपात झाल्यावर जो संयम दाखवता आला, तो हाती फलक घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांपुढे का दाखवता येऊ नये? धरणाचा प्रत्येक कागद आदी भाषेत आणि हिंदीत केबांगपुढे ठेवावा. पाणी कोठवर येईल, कोणत्या गावाचे कोणते शेत जाईल, बदल्यात कोणती जमीन मिळेल, हे सर्वेक्षणाआधी सांगावे. पश्चिम कामेंगची छप्पन्न वर्षे ज्यांना आठवतात, त्यांनी केवळ आश्वासनावर विश्वास का ठेवावा?

एका मतदारासाठी वाट चालणारे सरकार

2019 च्या निवडणुकीत अंजाव जिल्ह्यातील मालोगाम येथे एकाच महिला मतदारासाठी मतदान केंद्र उभारले गेले. 2024 मध्येही कर्मचारी सुमारे 40 किलोमीटरची वाट तुडवत तेथे गेले. लोकशाहीचा हा गौरव सर्वांनी केला आणि तो यथार्थ होता. पण पाच वर्षांतून एकदा मतपेटी जेथे पोहोचते, तेथे दर महिन्याला परिचारिका का पोहोचू नये?

सीमेपलीकडे चीनने सहाशेहून अधिक ‘समृद्ध’ गावे वसवली. त्यांतील एक त्सारी छूच्या खोऱ्यात, भारत आपला मानत असलेल्या भूमीवर, 2020 च्या सुमारास उभे राहिले. पलीकडे माणसे आणून बसवली जात असताना अलीकडची माणसे शिक्षणासाठी, रुग्णालयासाठी इटानगर आणि पासीघाट गाठत आहेत. एप्रिल 2023 मध्ये किबिथू येथून सुरू झालेल्या ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजनेने या वास्तवाची प्रथमच दखल घेतली. पहिल्या टप्प्यातील 662 गावांपैकी 455 अरुणाचलची आहेत. 2017 मध्ये धोला-सदिया पूल, 2018 मध्ये बोगीबील पूल, 2022 मध्ये होलोंगीचा दोन्यी-पोलो विमानतळ, मार्च 2024 मध्ये से ला बोगदा, ही कामे झाली आणि त्यांचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. परंतु रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. गावात शिक्षक, डॉक्टर आणि शेतमालाला गिऱ्हाईक नसेल, तर त्याच नव्या रस्त्याने गाव अधिक वेगाने रिकामे होईल. योजनेचा ताळेबंद खर्च झालेल्या कोटींवरून मांडण्याऐवजी त्या 455 गावांत किती घरांच्या चुली पेटत्या आहेत, यावरून दरवर्षी मांडला जावा.

आणि जे तेथून शिकावयास बाहेर पडतात, त्यांचे काय? जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या रूपावरून चिडवले गेले, मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू ओढवला. बेझबरुआ समितीचा अहवाल त्यानंतर आला. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांना अरुणाचलच्या तीन वुशू खेळाडू मुलींना चीनने प्रवेश नाकारल्यासारखे केले, तेव्हा देशभर संताप उसळला. त्यांना भारतीय न मानणारा चीन दोषी ठरला. पण पुण्याच्या बसथांब्यावर त्याच राज्यातील मुलीला ‘चायनीज’ अशी हाक मारणारा टोळभैरव काय वेगळे करतो?

1966 च्या सुमारास मुंबईत पद्मनाभ आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आंतरराज्य छात्र जीवन दर्शन’ हा उपक्रम सुरू केला. पूर्वांचलातील विद्यार्थी महाराष्ट्रातील घरांत पाहुणे म्हणून राहू लागले. दादर-पार्ल्याच्या दोन खोल्यांच्या घरांनी त्यांना आमटी-भात वाढला आणि परतताना आपली पोरे म्हणून निरोप दिला. त्या काळी त्या घरांत जागा कमी होती. आज त्याच कुटुंबांकडे भाड्याने देण्याजोग्या दुसऱ्या सदनिका आहेत, आणि अरुणाचलचा विद्यार्थी दाराशी आला की दलालाला आतून निरोप जातो, जागा दिली गेली.